आत्याच्या बाजूची उंची

आमच्या गाडीचं तोंड डावीकडे झुकलेलं आहे, हे तपासनिसानं सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं. त्यानं आधी चारही चाकांत सारखी हवा भरायला लावली, मग गाडी सपाट फरशीवर उभी करून पुढच्या दोन्ही मडगार्डांखाली पट्टी धरली आणि समोरच्या फळ्यावर हेडलाइट पाडून पाहिले. उजव्या दिव्याचा उजेड बरोबर रेघेवर. डाव्याचा फळ्याच्या पायाशी, कुणाची अंगठी हरवल्यासारखा जमीन चाचपत होता. आत्या डाव्या सीटवर बसलेली होती. ती उतरली नाही आणि त्यानंही तिला उतरवलं नाही. त्यानं कागदावर फुली मारली. उंची दुरुस्त करून पुन्हा आणा म्हणाला. आणि हेही सांगितलं, की दुसऱ्यांदा नापास झाली तर रस्त्यावरून कायमची बाद. इतक्या जुन्या गाड्यांना तिसरी संधी नसते.

परतताना आत्या फक्त "आरसा बघ" एवढंच म्हणत राहिली. मी पन्नाशीला आले. गाडी चालवायला शिकून माझी निम्मी हयात गेली. तरी शेजारी आत्या असली की मला आरसा दिसत नाही, असं तिचं ठाम मत आहे.

ही गाडी म्हणजे आत्याची शाळा. तिनं उभं आयुष्य बायकांना ह्याच गाडीत गाडी शिकवली. डाव्या सीटच्या पायाशी तिच्यासाठी वेगळा ब्रेक बसवून घेतलेला आहे, आणि तो किती वेळा दाबावा लागला हे रबराची झीज बघून कळतं. आता शिकायला कुणी येत नाही. ज्यांना शिकायचंय त्यांना एका बोटानं फिरणारं स्टिअरिंग हवं असतं. आमचं फिरवायला खांदे लागतात. आत्या स्वतः मात्र कधी चालवत नाही. आम्ही कुणीतरी उजवीकडे बसायचं आणि तिनं डावीकडे बसून आम्हाला चालवायचं. तिला त्या उजव्या सीटवर बसलेलं शेवटचं कुणी पाहिलं, ह्यावर घरात एकमत नाही.

संध्याकाळी दादा आला. माझा थोरला भाऊ. त्याच्या ओळखीचा एक फोटोवाला आहे, बागेत लग्नाळू जोडप्यांचे फोटो काढणारा. त्याला अशीच एक गाडी हवी होती. इंजिन काढून, चाकं काढून, विटांवर ठेवायची. जोडपं आत बसवायचं, खिडकीतून फुलं सोडायची. दादाच्या मनात वाईट काही नव्हतं. भंगारात जाण्यापेक्षा बरं, म्हणाला. निदान लोक बघतील तरी. आत्यानं सगळं ऐकून घेतलं, चहाचा कप पालथा घातला आणि म्हणाली, "एकदा आणखी नेऊ. नाही झाली पास, तर किल्ली मीच देईन त्याच्या हातात."

आत्यानं शब्द दिला की तो कोर्टाचा निकाल. दादाला ते माहीत होतं, मलाही. म्हणून तो गेल्यावर मी गाडीच्या नाकासमोर स्टूल टाकून बसले आणि तिच्याकडे बघत राहिले.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं गाडीखाली न जाताच निदान केलं होतं. दांडे गेले, म्हणाला. ह्या गाडीला पुढे स्प्रिंगा नसतात. त्यांच्या जागी प्रत्येक बाजूला एक लांब लोखंडी दांडा असतो, आणि त्याला पीळ देऊन गाडीचं वजन उचलून धरलेलं असतं. ओला टॉवेल पिळावा तसा, फक्त कायमचा. वर्षानुवर्षं पिळून दांडा थकतो आणि ती बाजू खाली बसते. नवे दांडे मिळत नाहीत. थोडक्यात, गॅरेजवाल्याचं निदानही फोटोवाल्याच्याच बाजूचं होतं.

मी शिवणकाम करते. पुढची खोली माझी, मागची शेड आत्याच्या गाडीची. माझी मशीनं मी स्वतः उघडते, त्यामुळे थकलेल्या वस्तूला ताण थोडा वाढवून दिला की ती आणखी पुष्कळ चालते, एवढं मला माहीत आहे. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात चित्रासकट दिलेलं होतं. दांड्याच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की पीळ वाढतो आणि गाडी वर येते, सैल केला की खाली. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नाही, आणि ते नव्हतंही.

आधी फरशी. शेडची फरशी मोरीकडे उतरती आहे, हे मला बादली घरंगळते तेव्हापासून ठाऊक होतं. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी बघितली, आणि खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या सरकवल्या. मग हवा मोजली, चारी चाकांत पुस्तकात होती तेवढी केली. मग गाडी ढकलून पुढे-मागे केली आणि बॉनेटवर दोन्ही हातांनी दाबून सोडली, म्हणजे सगळे सांधे आपापल्या जागी बसतात. कोट अंगावर घातल्यावर झटकतात ना, तसं. शेवटी शिवणाचा टेप घेऊन गुडघ्यांवर बसले. जमिनीपासून मडगार्डाच्या कडेपर्यंत. डावी बाजू दोन बोटं खाली. माझ्या धंद्यात दोन बोटांचा फरक म्हणजे गिऱ्हाईक परत येत नाही.

जॅक लावला, खाली स्टँड दिला, चाक लोंबतं केलं. बोल्टवरचा नट इतका गंजलेला होता की पान्याला पाइप जोडून त्यावर मी अक्षरशः उभी राहिले. कुठेतरी कड् असा आवाज आला. माझ्या कमरेतून आला की नटातून, हे कळायला थोडा वेळ गेला. नटातून होता. बोल्ट थोडा आवळला, गाडी खाली घेतली, ढकलली, दाबली, मोजली. पुन्हा वर. पुन्हा खाली. गॅरेजमध्ये पुरुष हे काम शिट्टी वाजवत का करतात ते मला तेव्हा कळलं. नाहीतर तोंडातून दुसरं काही निघतं. दिवेलागणीपर्यंत दोन्ही बाजू टेपावर सारख्या आल्या. आत्यानं दारातून बघितलं, "बरी दिसतेय," म्हणाली आणि आत गेली. तिच्याकडून हे प्रशस्तिपत्रक.

सकाळी मोजलं तर डावी बाजू वर. एक बोट चांगलं.

मला वाटलं, ताण दिलेला दांडा रात्रीत सरावला असेल. बोल्ट तेवढा सैल केला, बरोबर करून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. पुन्हा सैल केला. तिसऱ्या दिवशीही तेच. दादा येऊन गेला, त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला इंजिनीअर बाई म्हणून हाक मारली. दांडा नाचतोय तुझा, म्हणाला. अशी गाडी रस्त्यावर न्यायची म्हणजे आत्याच्या जिवाशी खेळ. बाकीचं तो हसत म्हणाला, हे शेवटचं हसत म्हणाला नाही. लोखंड एकाच दिशेनं थकतं. ते झोपेतून उठून वर जात नाही.

त्यानंतरच्या सकाळी मी लवकर उठले होते, एका गिऱ्हाइकाचा कोट संपवायचा होता. चहाचं पाणी ठेवलं आणि शेडमधून आवाज आला. फुस्स. फुस्स. दमदार, सावकाश, सवयीचा. मी मागच्या दाराशी गेले. आत्या एक हात बॉनेटवर टेकून उभी होती आणि पायानं हवा भरायचा पंप दाबत होती. नळी डाव्या पुढच्या चाकाला.

मी विचारलं, "काय चाललंय?"

"हवा भरतेय. दिसत नाही?"

"आणि उजव्या चाकात?"

"त्याला लागत नाही."

मी मीटर आणून लावलं. डाव्या चाकात इतकी हवा होती की आणखी दोन दिवसांत शेडचं छप्पर वर करावं लागलं असतं. पुस्तकात दर मापाआधी हवा तपासा असं लिहिलेलं होतं. मी पहिल्या दिवशी तपासली आणि पुढे गेले. माझ्या घरात चोर नाही, ह्या भरवशावर. मी दिवसा बोल्टनं डावी बाजू बरोबर करायची. सकाळी आत्या हवा भरून ती वर उचलायची. मग मी खाली घ्यायची, तिला ती पुन्हा बसलेली वाटायची, ती आणखी भरायची. एकाच चाकाला आम्ही दोघी दोन टोकांनी ओढत होतो, आणि दोघींनाही वाटत होतं की आपण गाडी वाचवतोय.

मी स्टूल पुढे केलं. ती बसली. पंपावरचा पाय काढायला तिला जरा वेळ लागला.

मग तिनं सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, टायरकडे बघत. माझे वडील, म्हणजे तिचा भाऊ, एकदा शिकाऊ बायका गाडीत भरून असताना म्हणाले होते, की बघा, मास्तरीणबाई चढल्या की गाडी कशी लवून मुजरा करते. बायका हसल्या. आत्याही हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डाव्या चाकात थोडी जास्त हवा भरली. मग रोजचंच झालं. दांडा तिच्या बाजूला जसजसा बसत गेला तसतशी हवा वाढत गेली, आणि कुणाला काही कळलं नाही. तपासनिसानं हवा सारखी करायला लावली, तेव्हा इतक्या वर्षांचं सगळं एकदम खाली आलं.

"तू रोज बोल्ट फिरवत होतीस ते मला दिसत होतं," ती म्हणाली. "पण पाय ऐकेना. उठल्याबरोबर दात घासावेत तसं झालंय गं ते."

मला राग यायला हवा होता. कंबर तर ओरडतच होती. पण मी तिला कधी कुणापुढे लाजलेली पाहिली नव्हती, आणि ती लाजलेली पाहायची माझी इच्छाही नव्हती. मी म्हटलं, की दांडा कुणाच्या वजनानं बसत नाही, तो ब्रेकांनी बसतो. तुझ्या शिकाऊ बायकांनी मारलेल्या एकेका ब्रेकनं नाक आपटून आपटून बसलाय. हे अर्धं खरं होतं. तिनं ते पूर्ण घेतलं आणि पंप फडताळावर ठेवून आली.

आता काम नीट सुरू झालं. दर वेळी आधी हवा, मग ढकलणं, मग दाबणं, मग टेप. तरी एक प्रश्न उरला. गाडी रिकामी असताना सरळ करायची, की माणसं बसल्यावर? पुस्तक त्याबाबत मोघम होतं. आत्या मोघम नव्हती. मागच्या वेळी ती आत बसलेली असतानाच मापं घेतली होती, तेव्हा आताही तीच बसणार. तिनं डाव्या सीटवर बसून दार लावून घेतलं आणि समोर बघत राहिली, फोटो काढवून घेत असल्यासारखी. मी पोटावर सरपटत गाडीखाली जाऊन मापं घेतली. तिचं वजन मी आकड्यात विचारलं नाही. टेपवर ते मला दिसलं आणि मी बोल्ट तेवढा आवळला. ती बसली की गाडी सरळ, ती उतरली की डावी बाजू किंचित वर. दोन दिवस ठेवून पाहिली. हलली नाही.

तपासणीला दादाही आला, त्याच्या गाडीनं, मागोमाग. नापास झाली तर आत्याला घरी न्यायला कुणीतरी हवं, असं त्यानं मला हळूच सांगितलं. फोटोवाल्याचे फोन येत होते. दादा ते उचलत नव्हता, एवढं मी पाहिलं.

ह्या खेपेला तपासनीस बाई होत्या. चष्मा डोक्यावर ढकललेला, हातात तीच पट्टी. त्यांनी खिडकीत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "चालवणारा सोडून बाकीच्यांनी उतरा."

आत्यानं सांगून पाहिलं, की मागच्या वेळी उतरवलं नव्हतं. बाईंनी सांगितलं, की मागच्या वेळी त्या नव्हत्या. आत्यानं सांगितलं, की ही गाडी डाव्या सीटवर माणूस असल्याशिवाय कधी चाललेलीच नाही, तिथे ब्रेक आहे, हवं तर बघा. बाईंनी ब्रेक बघितला, चांगला आहे म्हणाल्या, आणि दार उघडून धरलं.

आत्या उतरली. डावी बाजू माझ्या डोळ्यांदेखत वर आली. बाईंनी पट्टी लावली, दिवे लावायला सांगितले. डाव्याचा उजेड रेघ ओलांडून वर गेला, फळ्याच्या चौकटीच्याही वर, भिंतीवरच्या घड्याळाशी.

त्यांचा हात कागदाकडे गेला. मी खिडकीतून वाकून सांगितलं, की उंची बोल्टवर आहे, पाना डिकीत आहे, मी इथेच बरोबर करते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. नखांतलं काळं अजून गेलेलं नव्हतं. मागे दोन गाड्या उभ्या आहेत, म्हणाल्या. त्यांचं होईपर्यंत कागदावर काही लिहीत नाही. त्यानंतर जे दिसेल ते लिहीन.

गाडी बाजूला घेतली. मी चादर अंथरली, जॅक लावला. दादा खाली वाकला आणि स्टँड जागेवर सरकवला. आणि मग मी चादरीवर अर्धी आडवी होऊन थांबले. आत फक्त चालवणाराच बसणार. म्हणजे आता सगळं उजव्या सीटवरच्या माणसावर होतं. मी काडीसारखी आहे. दादा तसा नाही. दोघांसाठी बोल्ट वेगवेगळे बसणार होते आणि दोनदा फिरवायला वेळ नव्हता.

मी आत्याला विचारलं, "कोण बसणार ते आता सांग. मी की दादा?"

ती गाडीच्या नाकाशी उभी होती. पर्स दोन्ही हातांत धरलेली. पहिली गाडी फळ्यासमोरून गेली, दुसरी पुढे सरकली.

"माझ्या मापानं कर," ती म्हणाली.

दादानं तोंड उघडलं. मी गाडीखालून त्याच्या बुटावर पान्यानं टकटक केलं, तेव्हा त्यानं मिटलं.

आत्या गाडीला वळसा घालून उजवीकडे गेली. सीट पुढे ओढून घेतली, उशी हवी म्हणाली, नाही म्हटल्यावर पर्स पाठीला लावली. मी खालून मापं घेतली आणि ह्या खेपेला आकडा मोठ्यानं वाचला, दादाला ऐकून पाना फिरवायचा होता म्हणून. तिनं तो ऐकला. डावी खाली घेतली, उजवी थोडी वर. नट आवळले. जॅक काढला.

मी बाहेर येऊन उठू लागले. गाडी ढकलून पुढे-मागे करायची होती, सांधे बसायला. पण तोवर इंजिन चालू झालं होतं. गाडी एक आचका देऊन बंद पडली. आत्याचा डावा पाय तिकडे नसलेला ब्रेक शोधत होता, ते मला काचेतून दिसत होतं. तिनं पाय उचलून क्लचवर ठेवला, हातानं गुडघा दाबून, मुलाला खुर्चीत बसवावं तसा. पुन्हा चालू केली. गाडी पुढे गेली. मागे आली. पुन्हा पुढे गेली. खांदे लावून तिनं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी नेऊन फळ्यासमोरच्या रेघांमध्ये उभी केली. सांगितल्याशिवाय दिवेही लावले.

दोन्ही उजेड एका रेघेवर होते. डावा तिळभर वर असेल. बाईंनी पट्टी लावली, इकडे, मग तिकडे, मग पुन्हा इकडे. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, कागदावर सही केली आणि तो माझ्या हातात दिला. खिडकीत वाकून आत्याला काहीतरी म्हणाल्या. ते मला ऐकू आलं नाही, आणि आत्यानं आजवर सांगितलेलं नाही.

गेटापाशी ती आमच्यासाठी थांबेल, असं आम्हाला वाटलं. मी चादर घडी करत होते, दादा जॅक उचलून निघाला होता. गाडी गेटापाशी हळू झाली, आत्यानं दोन्ही बाजूंना मान वळवून पाहिलं, आणि ती बाहेर पडली.

आम्ही धावतच दादाच्या गाडीत बसलो. पुढच्या वळणावर ती दिसली. रस्त्याच्या मधोमध, अगदी संथ, डावी सीट रिकामी, आणि नाक दोन्ही बाजूंना सारखं. तिच्यामागे आम्ही, आमच्यामागे सगळं गाव. हॉर्न वाजायला लागले. एक टेम्पोवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि हात हलवून आम्हाला पुढे जा म्हणू लागला.

दादानं हॉर्नवरचा हात काढून मांडीवर ठेवला, गिअर खाली घेतला, आणि घर येईपर्यंत तिच्या पुढे गेला नाही.